मागच्या खोलीतलं वर्ष

९ ऑगस्ट

कात्री,

आधी 'प्रिय' लिहिलं होतं, ते कापून टाकलं. तुझ्या नावाच्या आधी कागदाला जी खिडकी पडली आहे ती त्याचीच. खोडत बसायला वेळ नव्हता, कटर हाताशी होता.

पत्र मिळालं. तुझी कागदाची गल्ली भिजली म्हणतेस. गोदामात भिंतीला ओल होती, पेट्या भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या, आणि उघडून बघितलं तर घरं उभी, पण खिडक्या फुगून पिवळ्या पडलेल्या, निम्म्या गळून तळाशी. वाचून मला वाईट वाटलं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं रागाचं आहे. भिजलेला कागद मला बघवत नाही, मग तो कोणाचा का असेना.

आणि त्याच दमात तू लिहितेस, 'वहिनी, तुझी पोरं पुन्हा कापून देतील ना गं? साचे कपाटात वरच्या फळीवर आहेत. तसा हात इथे कोणाचाच नाही. महिन्याभरात मिळाल्या तर पुढचं प्रदर्शन वाचेल.'

माझी पोरं! मदतनिसाला पोरं कधीपासून झाली?

हो, वाचलं मी ते. तुझी मुलाखत छापून आलेला तो अंक दुकानात कोणीतरी कौतुकाने आणून दिला. तुझ्या दादाने वाचला आणि गल्ल्याखालच्या खणात सारला. औषधांच्या दुकानात कागद लपवायला जागा काय कमी असते? पण त्याला लपवणं जमत नाही, घरी आला तोच मुळी चोरासारखा. दुसऱ्या दिवशी डबा द्यायला गेले तेव्हा काढला मी. 'सुरुवातीच्या काळात घरी एक मदतनीस होती, ती मुलांचं बघायची, म्हणून माझे हात मोकळे राहिले.' तीनदा वाचलं. म्हटलं आपल्याकडे कामाला आणखी कोणी बाई होती की काय, जी मला कधी दिसलीच नाही.

तुला जरा आठवण करून देते, कारण तुझी आठवण फार सोयीची आहे.

कागदकामाचा वर्ग आपण दोघींनी सुरू केला, समोरच्या खोलीत. लहान मुलांचा चार वाजता, मोठ्यांचा साडेपाचला. आणि दोघींचं रडगाणं एकच होतं. शिकवून झालं की हातात जीव उरत नाही, आणि आपलं काही मांडून बसावं तर दारात चपलांचा ढीग पडायला लागतो. माझ्या कागदी शिलाई मशीनचं चाक आठवतं तुला? एकाच चाकाचा डिंक मी तीन वेळा अर्धवट लावून वाळू दिला होता. तू तर एकदा रडलीस, कारण तुझ्या छपरावर कोणीतरी ओला ब्रश टेकवला होता.

तेव्हा तूच तोड काढलीस. मी भांडी घासत होते, तू पुसत होतीस. 'वहिनी, अर्धं अर्धं करून कोणाचंच काही होणार नाही. एक वर्ष एकीने दोन्ही वर्ग सांभाळायचे आणि दुसरीने मागच्या खोलीत दार लावून बसायचं. घर पेटलं तरच हाक मारायची. पुढच्या वर्षी उलट.' मला एवढं आवडलं ते, की हातातलं पातेलं सोडून मी तुझा गालगुच्चा घेतला, साबणासकट. पहिलं वर्ष तुझं, कारण तुझं प्रदर्शन ठरत होतं. मीच म्हटलं, तू धाकटी, आधी तू. मागच्या खोलीला कुलूप आणलं, एक किल्ली तुला, एक मला.

आणि मी दोन्ही वर्ग घेतले. सर्दीत घेतले, तापात घेतले. मुलांनी आपली नावं ठेवली होती, तू कात्रीताई, कारण तुझी जीभही तशीच चालते, आणि मी डिंकताई. 'ती चिकटली की सुटत नाही' हे तूच शिकवलं होतंस त्यांना. मी हसले होते. आता वाटतं, तेव्हाच काय ते समजायला हवं होतं.

वर्ष संपत आलं तर तुझी गल्ली अजून आंधळी. घरं झाली, दारं झाली, खिडक्या एकही नाही. तू मागच्या खोलीत डोकं धरून बसलीस. मग मी काय केलं? खिडक्यांचाच धडा करून टाकला. कागद उभा दुमडायचा, अर्धी खिडकी आखायची, मोकळ्या कडेकडून कापायची. पहिल्या दिवशी निम्म्या मुलांनी घडीकडून कापलं आणि खिडक्या दोन दोन तुकडे होऊन हातात आल्या. केवढी रडारड! पण शिकली. प्रत्येकाने आपल्या खिडकीच्या पाठीला पेन्सिलीने नाव लिहिलं, आणि तू दारात उभं राहून सगळ्यांसमोर बोललीस, 'प्रदर्शनात गल्लीशेजारी पाटी लागेल, त्यावर तुम्हा सगळ्यांची नावं असतील.' टाळ्या वाजवल्या पोरांनी. मीही वाजवल्या.

पुढे काय झालं ते तुला माहीत आहे. चौकटीतून उजेड फुटू नये म्हणून खिडक्यांच्या पाठीला काळा कागद लागला, नावं त्याखाली गेली. आणि पाटी लागली ती अशी: 'इथे कोणी राहत नाही.' अगं, तीस पोरं राहत होती तिथे!

फोटो बघून त्या आपल्या घाईने विचारलं मला, तीच, जी चप्पल उलटी घालून पळत येते. 'डिंकताई, आमची नावं कुठेत?' मी म्हटलं, आहेत गं, आत आहेत, आतून लिहिलीत त्यांनी. चक्क खोटं बोलले. तुझ्यासाठी.

मग तुझं 'अजून तीन महिने', मग त्या लांबच्या शहरातलं बोलावणं, मग 'सहा महिन्यांत परत येते'. किल्लीसुद्धा घेऊन गेलीस. माझं वर्ष देणं लागतेस, याला आता चौथं वर्ष चालू आहे. मशीन कपाटावर चादरीखाली आहे. वडिलांच्या शिलाई मशीनचं एवढंच माझ्याकडे उरलंय, कागदाचं, आणि तेही पूर्ण नाही.

तर उत्तर ऐक. खिडक्या कापून मिळणार नाहीत.

– डिंक


१९ ऑगस्ट

कात्री,

तुझ्या दादाला फोन करून रडलीस ते कळलं. तो बिचारा तेव्हापासून घरात पाहुण्यासारखा वावरतो. पाणीसुद्धा विचारून घेतो. काल शेवटी धीर करून म्हणाला, "तुमच्या दोघींच्या मध्ये मी पडत नाही. पण माझी बहीण आहे ती."

मी म्हटलं, "मग मी कोण आहे?"

"तू तर घरचीच आहेस," म्हणाला. आणि त्याला वाटलं, आपण चांगलं काहीतरी बोललो.

पण पत्र त्यासाठी लिहीत नाही. वेगळंच घडलंय.

तू रडलीस त्याच दिवशी मी दुकानात फोन करून तुझ्या दादाशी तावातावाने बोलत होते आणि मोठ्यांच्या वर्गातला वकील दारात येऊन उभा होता. वकील म्हणजे तो लांब मानेचा, जो प्रत्येक गोष्टीला 'पण का' विचारतो. त्याने सगळं ऐकलं. खिडक्या भिजल्या, काळा कागद, आतली नावं, सगळं. दुसऱ्या दिवशी वर्गात सगळ्यांना ठाऊक. मला वाटलं, आता ही मुलं माझ्यावर उखडणार, आणि बरोबरच आहे. तर सगळे नुसते बघत राहिले माझ्याकडे, मला जास्तच शरमल्यासारखं झालं.

मग वकील म्हणाला, "डिंकताई, मागे लिहिलं म्हणून झाकलं. पुढे लिहिलं तर?"

"पुढे लिहिलं तर खोडता येतं," घाई म्हणाली.

"मग कापूया."

आणि कात्री, त्या पोरांनी काय काढलं सांगू? खिडकीची वरची पट्टी असते ना, चौकटीची, तीच शिरोरेषा करायची. अक्षरं तिलाच लोंबकळतात. भोवतालचा कागद कापून काढायचा, नाव तेवढं राहतं, गजांसारखं. वेगळा जोड नको, आधार नको. मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं. तुलाही नव्हतं, तुझ्या सगळ्या बक्षिसांसकट. अर्थात पहिल्या दिवशी उकार तुटून पडले. एकीची वेलांटी चौकटीच्या वर आली, तिने कापायला साफ नकार दिला, तर तिच्या खिडकीला आता वर शेंडी आहे. घाईने नेहमीप्रमाणे आधी कापलं आणि मग आखलं.

पाठीमागे बॅटरी धरली तर नाव समोरच्या भिंतीवर पडतं. तुझ्या गल्लीत दिवे आहेत, तेव्हा तिथेही पडेल. कितीही काळा कागद लाव, तो लावला की खिडकीच बुजते. आता नाव लपवायचं तर खिडकीच टाकून द्यावी लागेल.

तर ऐक माझी अट. खिडक्या तयार होतायत, आणि कपाटात राहतील. पोस्टाने येणार नाहीत, तुझ्या दादाच्या हाती मिळणार नाहीत. घ्यायला तू ये, आणि बॅग भरून ये. तुझं प्रदर्शन करून ये हवं तर, दोन दिवसांची सुट्टी देते. पण त्यानंतर वर्ष माझं. लहान मुलं चार वाजता येतात.

– डिंक


३१ ऑगस्ट

कात्री,

तुझी चिठ्ठी आली. 'येते. एक वर्ष. कबूल. रागावू नकोस आता.' एवढंच. मी ती चिठ्ठी उलटीसुलटी करून बघितली, पाठीमागे काही लिहिलंय का म्हणून. सवय लागली आहे.

विश्वास ठेवू की नको हे दोन दिवस ठरेना. मग तिसऱ्या दिवशी बघते तर मी मागची खोली झाडत होते. म्हणजे ठेवला म्हणायचा.

तुझे जुने कापलेले तुकडे अजून सापडतात तिथे, फरशीच्या सांध्यांत, पांढरे, नखाएवढे. सगळे गोळा केले. टाकले नाहीत. मशीन खाली काढलं. चादर झटकली तेव्हा नाकात एवढी धूळ गेली की मी आणि तुझा दादा दोघं शिंकत उभे. तो म्हणाला, "बरं केलंस बोलावलंस." मी म्हटलं, "बोलावलं नाही, पाळायला लावलं." तरी तो खूश आहे. बाजारातून तुझ्या आवडीचा साबण घेऊन आला, मी मागितलेला चहा विसरून.

मशीनचं सांगते, तुला आठवत नसेल. चाक फिरतं, पायडल हलतं, पट्टा झाला. अडलंय ते सुईच्या दांड्यापाशी. चाक गोल फिरणार आणि सुई वर-खाली जाणार, हे कागदाला पटत नाही. दांडा दोन फेऱ्यांत वाकतो. वडील मशीनवर बसले की मी खाली पायडलजवळ बसायचे, आणि सुई कापडातून खाली आली की कशी चकाकते ते बघायचे. मशीन विकलं तेव्हा ते फक्त एवढंच म्हणाले, 'चालतं होतं, तेव्हाच दिलेलं बरं.' म्हणून मला हे चालतं हवंय. नुसतं दिसायला नको. नुसतं दिसायला ते कधीच झालं असतं, त्याला वर्ष लागलं नसतं.

मुलांना सांगितलं, कात्रीताई येणार. घाईने विचारलं, "कायमची?" मी म्हटलं, एका वर्षासाठी. "मग तुम्ही कुठे जाणार?" म्हटलं, मी मागच्या खोलीत. तिला ते फार लांबचं गाव वाटलं असावं. म्हणाली, "आम्ही तिथे येऊ शकतो का?"

ये. जेवायला थांबते त्या दिवशी.

– वहिनी


११ सप्टेंबर

कात्री,

हे जगातलं सगळ्यात कमी अंतराचं पत्र असेल. तू समोरच्या खोलीत आहेस, मी मागच्या खोलीत, मध्ये एक बंद दार. उठून बोलायला गेले तर वर्ग मोडेल, आणि नियम नियम आहे, घर पेटलेलं नाही. म्हणून लिहिते आणि जेवताना तुझ्या ताटाखाली सारते.

तोंडाने मला हे बोलता येणार नाही. तू आलीस त्या दिवशी मी फार तुटक वागले. तू ती नावांची खिडकी उजेडात धरलीस, किती वेळ बघत राहिलीस, आणि 'सुंदर आहे' एवढंच म्हणालीस, तर मी म्हटलं, 'मदतनिसाची पोरं आहेत.' तू खाली बघितलंस. मला वाटलं, लागलं हिला. बरं वाटलं मला, आणि मग बरं वाटल्याचं वाईट वाटलं.

पण गेले चार दिवस मी काय जगतेय ते तुला सांगायला हवं. दार लावलं की चार वाजतात आणि माझ्याकडे कोणी येत नाही! चपलांचा आवाज येतो, आणि त्या चपला माझ्यासाठी नसतात. पहिल्या दिवशी मी नुसतीच बसून राहिले. दुसऱ्या दिवशी कागद ओला करून घट्ट गुंडाळला, पेन्सिलीपेक्षा बारीक नळी केली, वाळवली. काल त्यात दुसरी नळी बसवली. ती सरकते, वाकत नाही.

तू मुलांकडून जुन्या साच्यावर साध्या खिडक्या कापून घेतेस असं घाई सांगत होती. 'हात बसवून घेतेय' म्हणालीस काल, ते पटलं मला. मी फार लाड करते त्यांचे. तुझ्या वर्गात काल हसण्याने भिंत हलत होती, आज बघ, इतकी शांत बसलीत सगळी, कात्र्यांचा आवाज तेवढा येतोय. मला त्यांना इतकं शांत कधी बसवता आलं नाही. कसं केलंस? शिकव मला, पुढच्या वर्षी लागेल.

मुलाखतीतलं ते वाक्य मी विसरणार नाही. पण ते पाठ म्हणत बसणार नाही आता, एवढं

थांब. हलली. चाक फिरवलं आणि सुई खाली गेली, वर आली! परत गेली! येते, दाखवते तुला. नियम गेला खड्ड्यात.


१८ सप्टेंबर

वरची चिठ्ठी तशीच पाठवते आहे. ताटाखाली ठेवायला ताट राहिलं नाही.

मी मशीन उचलून, दार पायाने ढकलून बाहेर आले. "बघ, बघ" म्हणत आले. तुझी खुर्ची रिकामी होती. मुलं खाली मान घालून कापत होती. लहान मुलांचा वर्ग केव्हाच संपला होता, मोठे येऊन बसले होते, आणि लहानांतलं कोणीही घरी गेलं नव्हतं. घाईच्या अंगठ्याला कात्रीचा फोड आला होता. मी म्हटलं, ताई कुठे गेल्या? तर म्हणाली, "कागद आणायला. मी येईपर्यंत कापत राहा, कोणी उठायचं नाही, असं सांगून गेल्यात."

म्हणून मुलं एवढी शांत होती. आणि मी दाराआड बसून तुझं कौतुक लिहीत होते.

मला आधी कळलंच नाही. खरंच वाटलं कागद आणायला गेली असशील. मशीन टेबलावर ठेवून, तू आल्यावर दाखवायचं म्हणून थांबले मीसुद्धा. पोरांबरोबर बसून दोन खिडक्या कापल्या. मग एकेकाच्या आया शोधत आल्या, आणि मग मी कपाट उघडलं.

नावांच्या खिडक्या सगळ्या जागेवर होत्या. एकही हलली नव्हती. गेल्या त्या साध्या, चार दिवस 'हात बसवून' कापून घेतलेल्या, पाठीला काही न लिहिलेल्या. तुझी बॅग नव्हती. तेव्हा मला त्या पहिल्या दिवशीचं तुझं खाली बघणं समजलं. तुला लागलं नव्हतं गं. तू हिशेब करत होतीस, साध्या कापायला किती दिवस लागतील याचा.

रिक्षा तुझ्या दादाने आणून दिली. खोकाही त्यानेच उचलला. "मला वाटलं तुला माहीत आहे," म्हणतो. त्याला तसं वाटून घ्यायचं होतं, म्हणून वाटलं. मी त्याच्याशी भांडले नाही. जेवण वाढते, बोलत नाही. तो साबण अजून वेष्टनात तसाच आहे, तेवढा त्याला म्हटलं, बहिणीला पाठवून दे.

तू मागितलं असतंस तर, कात्री? 'वहिनी, मला नावं नकोत, मला वर्गही जमणार नाही, साध्या खिडक्या दे' असं तोंडावर म्हणाली असतीस, तर मी भांडले असते, आदळआपट केली असती, आणि दिल्या असत्या. मला माहीत आहे मी दिल्या असत्या, आणि तुलाही माहीत होतं. तरी तू चार दिवस ताई होऊन बसलीस, मुलांना हसवलंस, माझ्या हातचं जेवलीस, आणि मी दार लावून घेते हे बघून त्या दारामागून निघून गेलीस. माझं वर्ष तू मला आधी दिलंच नव्हतंस. या वेळी दाखवलंस आणि काढून घेतलंस. त्याचा राग मला किती दिवस पुरेल, सांगता येत नाही.

तुझं प्रदर्शन छान होईल. खिडक्या चांगल्या कापल्या आहेत, मी उरलेल्या बघितल्या. आणि त्यांच्यामागे आता कोणाचंही नाव नाही, तेव्हा काळ्या कागदाचीही गरज नाही. पाटी तीच ठेव. इथे कोणी राहत नाही. आता ते खरं आहे.

नावांच्या खिडक्या आम्ही समोरच्या खोलीच्या काचेला लावल्या. चारला ऊन तिकडूनच येतं. फरशीभर नावं पडतात, वेलांटीवाल्या शेंडीसकट, आणि मुलं आपापल्या नावावर बसायला भांडतात. ऊन सरकलं की सगळी ओळ थोडी थोडी सरकते, मग पुन्हा भांडण. शिकवणं अवघड झालंय.

काल घाई लवकर आली. मी मशीनचं चाक फिरवत होते. तिने विचारलं, "कात्रीताई परत येणार ना?"

दोन-तीन उत्तरं तयार होती माझ्याकडे. काम निघालं, बरं नाही, पुढच्या महिन्यात. तुझ्यासाठी मी इतकी बनवली आहेत की ती न शोधता सापडतात. मी म्हटलं, "नाही. येणार नाहीत."

तिने मान हलवली. चाकाकडे बघितलं. "मग आता तुम्ही मागच्या खोलीत जायचं नाही?"

मला एकदम रडू आलं. आवरलं आणि म्हटलं, "जायचंय. मला जायचंय गं. वर्ग आठवड्यातून तीनच दिवस घेतला तर? बाकीचे दिवस मी दार लावून घेईन. हाक मारायची नाही."

"बरं," ती म्हणाली. आणि विचारलं, "मी चाक फिरवू?"

एवढंच. चार वर्षं मी जे तुझ्याकडे मागत राहिले, ते त्या पोरीने दोन अक्षरांत दिलं, आणि चाक दोनदा फिरवून खेळायला निघून गेली. मी तिला आधी कधी विचारलंच नव्हतं. मला वाटायचं ते तुझ्याकडे आहे.

मागच्या खोलीची दुसरी किल्ली तुझ्याकडेच राहिली आहे. पाठवायची तसदी घेऊ नकोस. मी कुलूप बदललं आहे.